आतड्याचा पीळ आणि वेळेचें मोल



आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो जेवणाच्या पंगतींत काढण्याजोगा नव्हे. परंतु घरांत वृद्ध माणसें असणाऱ्या प्रत्येकास तो ठाऊक असावा असा मात्र खास आहे. हा विषय म्हणजे आतड्याला पडणारा पीळ.

आपणांपैकीं पुष्कळजण नोकरीधंद्यानिमित्त पुण्यासोलापुरास राहतात आणि वडील मंडळी गांवीं असतात. समजा, तें गांव करमाळा तालुक्यांतलें आहे. वडिलांनीं सत्तरी ओलांडली आहे. रात्रीं गांवाहून फोन येतो, "अण्णांचं पोट फुगलंय. कालपासून शौचाला झालं नाही, वारासुद्धां सरत नाही. शेजारच्या काकू म्हणतात, वाटी सरकली असेल. एरंडेल दिलंय, सकाळीं बघूं." या बोलण्यांतील सर्वांत धोक्याचे शब्द कोणते? 'सकाळीं बघूं' हेच ते दोन शब्द. ते धोक्याचे कां, हें आतां पाहूं.

मोठ्या आतड्याचा अखेरचा भाग गुदाशयाच्या वर, डाव्या कुशींत, वळणें घेत गेलेला असतो. एका पातळ पडद्यानें तो पोटाच्या मागच्या भिंतीस टांगलेला असून त्या पडद्यांतूनच त्याच्या रक्तवाहिन्या जातात. कित्येकांच्या पोटांत हा भाग गरजेहून लांब असतो आणि पडद्याचें मूळ मात्र अरुंद असतें. झोक्याचे दोन दोर वर अगदीं जवळजवळ बांधले, तर झोका सहज गरगर फिरतो. त्याप्रमाणें हें वेटोळें स्वतःभोंवतीं फिरतें.

एकदां पीळ पडला कीं वेटोळ्याचीं दोन्ही तोंडें बंद होतात. आंतील वायु वाढत जातो आणि पोट नगाऱ्यासारखें ताणतें. पीळ घट्ट असला म्हणजे रक्तवाहिन्याही आवळल्या जातात. शिरांच्या भिंती पातळ म्हणून त्या आधीं मिटतात. रक्त आंत येतें पण बाहेर पडत नाहीं. आतडें सुजतें, काळेंनिळें पडतें. पुढें धमन्याही बंद होऊन तें मरतें. मेलेलें आतडें फुटलें तर आंतील घाण पोटभर पसरते व तिचें विष रक्तांत भिनतें. पीळ सैल असेल तर एकदोन दिवसही निभावतात. घट्ट असेल तर कांहीं तासांतच सर्व खेळ आटोपतो. आणि पीळ सैल कीं घट्ट, हें घरीं बसून कोणासही सांगतां येत नाहीं.

हा विकार आफ्रिकेच्या कांहीं भागांत, पश्चिम आशियांत आणि आपल्या देशांत युरोपापेक्षां अधिक आढळतो. भरड, चोथायुक्त आहारानें आतडें लांबतें, असें एक कारण सांगतात. पण म्हणून करमाळ्याच्या माणसानें ज्वारीची भाकरी सोडावी, असें मुळींच नाहीं. भाकरीचे गुण पुष्कळ आहेत. जुनाट मलावरोधाकडे मात्र दुर्लक्ष करूं नये.

आतां मुख्य प्रश्न. पीळ पडलेल्या रोग्यांपैकीं कोणाची प्रकृति बिघडण्याचा संभव अधिक? वयोवृद्धांची, व त्यांतही हृदयविकार, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांची. ज्यांस आपलें दुःख नीट सांगतां येत नाहीं त्यांची : अंथरुणास खिळलेले, कंपवाताचे रोगी, मनोविकारावर दीर्घकाळ औषधें घेणारे. यांच्यांत मलावरोध नित्याचाच, म्हणून नवें लक्षण जुन्यांत दडून जातें. गर्भवती स्त्रीचें फुगलेलें पोट गर्भाच्या नांवावर खपतें. नवजात बालकांत लहान आतड्यास जन्मजात दोषामुळें पीळ पडतो. बाळास हिरवी उलटी झाली तर एक घटकाही दवडूं नये. आणि या सर्वांच्या वर एक कारण आहे, तें म्हणजे विलंब. वय आपल्या हातीं नाहीं, जुना रोगही नाहीं. विलंब मात्र आपल्या हातीं आहे.

कांहीं चिन्हें विशेष भयाचीं. थांबून थांबून येणारी कळ अखंड होणें, पोट लाकडासारखें कठीण होणें, ताप, नाडी जलद चालणें, शौचावाटे रक्त, लघवी कमी होणें. याहून फसवें चिन्ह असें कीं, कधीं कधीं आतडें मेल्यावर कळ थोडी ओसरते. घरचे म्हणतात, "उतार पडला." पण तो उतार नव्हे.

इलाज आहे, आणि वेळेवर झाला तर चांगला आहे. क्ष-किरणांच्या चित्रांत फुगलेलें वेटोळें मोटारीच्या दुमडलेल्या ट्यूबसारखें दिसतें. आतडें जिवंत असेल तर गुदमार्गानें दुर्बीण घालून पीळ बहुधा उलगडतां येतो. नॉर्वेच्या ब्रूसगार्ड यांनीं १९४७ सालीं या उपायाचा अनुभव प्रसिद्ध केला, तेव्हांपासून तो रूढ झाला. मात्र नुसता पीळ सोडवून घरीं परतल्यास सुमारें निम्म्या, किंबहुना अधिक रोग्यांत तो पुन्हां पडतो. यास्तव तें लांब वेटोळें शस्त्रक्रियेनें काढणें योग्य. आतडें मेलेलें असेल तर तांतडीची शस्त्रक्रिया करावी लागते आणि जिवाचा धोका कैक पटींनीं वाढतो.

पूर्वीं अडचण वाटेची होती. मिरजेस डॉ. वॉनलेस यांनीं १८९४ सालीं रुग्णालय उघडलें; पण कुर्डुवाडीहून मिरजेपर्यंत बार्शी लाईट रेल्वे पोंचली ती १९२७ सालीं. शस्त्रवैद्य होता, रस्ता नव्हता. आजही करमाळ्याहून सोलापूर शंभर किलोमीटरांहून दूरच आहे. परंतु २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. आतां उशीर होतो तो बहुतेक मनांत.

म्हणून पोट फुगलें, शौच व वारा दोन्ही बंद झालीं आणि कळ येऊं लागली, तर एरंडेल, जुलाब, पोट चोळणें, डागणें यांपैकीं कांहींही करूं नये. तोंडानें अन्नपाणी देऊं नये. जेथें शस्त्रवैद्य आहे अशा रुग्णालयांत त्याच रात्रीं न्यावें. वायूच निघाला तर एक फेरी फुकट गेली, एवढेंच. पीळ निघाला, तर त्या फेरीनें वडील वांचले.

गांवाहून फोन आला, तर आपलें उत्तर एकच असूं द्या : "सकाळीं नको, आतांच निघा."