आपला गट कशासाठी?

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सहयोगिनी ताईंनी केलेलं भाषण. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत. गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचावं.)

तायांनो, मावश्यांनो, आणि यंदा पहिल्यांदाच सभेला आलेल्या लेकी-सुनांनो!

सकाळपासून अहवाल झाला, जमाखर्च झाला. बचत किती, कर्ज किती, थकबाकी किती, सगळं तुम्ही ऐकलंत. आता मी आकड्यांत न बसणारा एक प्रश्न विचारते. तुमचा गट कशासाठी आहे?

गावोगावी फिरताना मी हा प्रश्न विचारत असते. पहिलं उत्तर येतं, "बचतीसाठी." जरा थांबलं की दुसरं येतं, "कर्ज मिळतं म्हणून." दोन्ही खरी आहेत. पण बचत आणि कर्ज ही आपण करतो ती कामं झाली. ती कशासाठी करतो, ते अजून सांगायचं राहिलंच.

पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि नीट ठेवलेलं दप्तर. गट कसा चालवायचा ते पंचसूत्री सांगते. तुमचा गट कशासाठी चालवायचा, ते तिच्यात लिहिलेलं नाही. ते ज्या त्या गटानं आपलं आपण शोधायचं असतं.

विहिरीवर मोटर बसवली, पाइप टाकला, वीजही आली. पण पाणी कोणत्या वावरात न्यायचं तेच ठरलं नाही, तर काय होईल? पाणी वाटेतच मुरेल. गटाच्या पैशाचं तसंच होतं. कर्ज बाईच्या नावावर निघतं आणि पैसा कुठं गेला ते तिलाच माहीत नसतं. मग हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज, आणि त्याचा हप्ता भरायला तिसऱ्या कंपनीचं. आठवड्याच्या ठरल्या वारी दारात माणूस उभा. ही वेळ आपल्यातल्या काही जणींवर आलेली आहे. म्हणून हा प्रश्न भाषणापुरता नाही, आपल्या घरादाराचा आहे.

कशासाठी हे पक्कं असलं की काय होतं, ते सांगायला सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याची गोष्ट घेते. दुष्काळी मुलूख. तिथं म्हसवडला रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणारी एक बाई होती. तिला थोडे थोडे पैसे साठवायचे होते. कशासाठी? पावसाळ्याआधी डोक्यावर टाकायला प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता, लेकरं भिजू नयेत म्हणून. पण इतकी छोटी रक्कम घ्यायला बँक तयार होईना. ती चेतना सिन्हांकडे गेली, आणि तिथून बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरलं.

रिझर्व्ह बँकेकडे अर्ज गेला. तो नामंजूर झाला, कारण कितीतरी सभासद बायांचे अंगठे होते. बायका खचल्या नाहीत. लिहा-वाचायला बसल्या आणि पुन्हा साहेबांपुढे गेल्या. त्यांचं म्हणणं असं होतं, की आमच्या लहानपणी गावात शाळा नव्हती, तो आमचा दोष नाही. आम्हाला लिहिता येत नसेल, पण हिशेब येतो. कोणत्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. तुमच्या अधिकाऱ्यांनाही कॅल्क्युलेटर न घेता करायला सांगा, कोण आधी सांगतं ते बघू. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली.

यात ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी. त्या बायकांनी "आम्ही गरीब आहोत, दया करा" असं म्हटलं नाही. आम्हाला काय पाहिजे, कशासाठी पाहिजे आणि ते सांभाळायची अक्कल आमच्यात आहे, हे सांगितलं. पुढेही प्रत्येक कामाला हाच प्रश्न लागू केला. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला बँकेत यायला अर्धा दिवस मोडावा लागतो, म्हणून बँकच तिच्या दारी गेली. बाईचा पैसा बाईजवळ राहावा यासाठी बँक आहे, हे पक्कं होतं. म्हणून ती कशी चालवायची तेही सुचत गेलं.

दुसरं उदाहरण तुमच्या स्वयंपाकघरातलंच. लिज्जत पापड. 15 मार्च 1959 रोजी मुंबईत गिरगावात 7 बायकांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी 4 पाकिटं झाली. आज हजारो बायका त्यात आहेत. प्रत्येक बाई तिथं मालकीण आहे, आणि नफा-तोटा सगळ्या वाटून घेतात. देणगी घ्यायची नाही, हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं.

आता विचार करा. पापड विकणं एवढाच हेतू असता, तर लाटायला यंत्र आणलं की भागलं असतं. पण घर सोडून कामाला जाता येत नाही अशा बाईच्या हाताला काम मिळावं, हा हेतू होता. म्हणून पीठ केंद्रावर मळलं जातं, बाई ते घरी नेते, लाटून वाळवून परत आणून देते आणि मजुरी घेते. हेतू एक, त्यातून कामाची सगळी रीत ठरली.

आता म्हणाल, ताई, ही मोठ्यांची गोष्ट झाली. आमचा गट 11 बायांचा, आम्हाला कसला एवढा मोठा हेतू? तर ऐका. आपल्याच भागातला एक गट, नाव सांगत नाही. बारा वर्षं चालला आणि मग बाया म्हणू लागल्या, आता पैसे वाटून घेऊ आणि बंद करू. बैठकीला चार जणी यायच्या, बाकीच्या सह्या घरी पाठवलेल्या वहीत. मला बोलावलं ते हिशेब करायला.

हिशेबाआधी मी एकच विचारलं, "उद्या गट नसला तर कुणाचं काय अडेल?" बराच वेळ कुणी बोललं नाही. मग सगळ्यांत मागं बसलेली, एरवी सही करून गप्प राहणारी एक मावशी म्हणाली, "रातच्याला पोराला दवाखान्यात न्यायचं झालं, तर मी कुणाच्या दारात जाऊ? पहिल्यासारखी सावकाराच्याच?" मग एकेकीला आठवू लागलं. कुणाचं बाळंतपण, कुणाचा सर्पदंश, कुणाच्या सासऱ्याचं ऑपरेशन. त्या रात्री पैसे गटातूनच उभे राहिले होते. रजिस्टर काढून पाहिलं, तर गेल्या दोन वर्षांत मात्र सगळं कर्ज दोघी-तिघींकडेच फिरत होतं. ज्या कामासाठी गट उभा राहिला, ते काम गटातून निघून गेलं होतं. म्हणून बायांचं मन उडालं होतं.

त्या दिवशी ठराव झाला. 10,000 रुपये अडीनडीचे म्हणून बाजूला, ते दुसऱ्या कशाला द्यायचे नाहीत. पेटीच्या तीन किल्ल्या तिघींकडे, आणि तिघींची घरं गावाच्या तीन टोकांना. तरी दोघींनी हिशेब घेऊन गट सोडला. त्यांची वाट त्यांना लखलाभ. उरलेल्या नऊ जणींचा गट आजही चालू आहे, आणि बैठकीला नऊच्या नऊ असतात. त्यांचं वाक्य ठरलंय, "आमच्या गटातल्या कोणत्याही बाईनं रात्री सावकाराच्या दारात उभं राहायचं नाही." बघा, यात बचत हा शब्दसुद्धा नाही. पण बचत कशाला करायची, ते कळतं.

तुमचं वाक्य कसं शोधायचं? पुढच्या बैठकीत बचत गोळा झाली की अर्धा तास काढा आणि तीन प्रश्न घ्या.

पहिला, गट काढला तेव्हा कुणाची काय अडचण होती? हे जुन्या सभासदांनी सांगायचं, नव्यांनी ऐकायचं.

दुसरा, उद्या गट बंद झाला तर कुणाचं काय अडेल? इथं अध्यक्ष-सचिवांनी शेवटी बोलायचं. जी कधी बोलत नाही, तिच्यापासून सुरुवात करायची.

तिसरा, गेल्या बारा महिन्यांत कर्ज कुणाला, कशासाठी गेलं? हे आठवणीनं सांगायचं नाही, कर्जाचं रजिस्टर उघडून वाचायचं. तोंडानं आपण काहीही सांगू, पण पैसा कुठं गेला ते वही सांगते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आणि वही जुळत नसेल, तर भांडू नका. एक तर पैसा वळवा, नाही तर हेतू बदललाय हे उघड मान्य करा. हेतू बदलू शकतो. लेकरं मोठी झाली, दवाखान्यापेक्षा आता धंदा महत्त्वाचा वाटतो, तर तसं ठरवा. पण सगळ्यांनी मिळून ठरवा.

आता सांगायचं कसं, ते. हेतू एकच राहतो, पण माणूस बघून शब्द बदलावे लागतात.

बँकेत गेल्यावर नुसतं "साहेब, व्यवसायाला 3 लाख पाहिजेत" म्हणू नका. समजा, तुम्हाला छोटी डाळ मिल घ्यायची आहे. तर असं सांगा, "आमच्या गावातली तूर सुगीत व्यापाऱ्याला जाते, आणि तीच डाळ आम्ही वर्षभर दुकानातून विकत आणतो. ती गावातच भरडायची, म्हणजे शेतात मजुरी नसते त्या महिन्यांत आम्हाला काम मिळेल. आम्ही 11 जणी, महिन्याला प्रत्येकी 200 रुपये, पाच वर्षांत 1,32,000 रुपये बचत झाली. हे दप्तर, हा परतफेडीचा हिशेब." हेतू आणि हिशेब, दोन्ही एकाच दमात. नुसता हेतू सांगितला तर साहेब मान डोलावतील, नुसता हिशेब दिला तर तो शंभर अर्जांतला एक.

प्रदर्शनात स्टॉलवर गिऱ्हाईक विचारतं, "शेजारीही मसालाच आहे, तुमचा का घेऊ?" तेव्हा "बचत गटाचा आहे, मदत म्हणून घ्या" असं म्हणायचं नाही. मदत म्हणून घेणारं गिऱ्हाईक एकदाच घेतं. मिरची कुठली, कुटली कुणी, रंग का नाही घातला, आणि या विक्रीतून कुणाच्या घरात काय होतं, ते दोन वाक्यांत सांगा. आणि खरं तेवढंच सांगा. बाजारातून पोतं आणून आपल्या पाकिटात भरलं आणि घरगुती म्हणून विकलं, तर एका गिऱ्हाइकाबरोबर सगळ्या गटांचं नाव जातं.

घरी सांगणं सगळ्यांत अवघड. "मीटिंगला चालले" एवढंच म्हटलं की सासूबाईंना वाटतं, सून गप्पा मारायला निघाली. त्यांना सांगा, "आत्याबाई, तुमच्या मोतीबिंदूच्या वेळचे पैसे या मीटिंगमधूनच आले होते." घरातल्या माणसाला घरातलंच उदाहरण पटतं.

आणि नव्या सुनांना सांगायचं विसरू नका. गट काढणाऱ्या बायांना सावकाराचं व्याज माहीत होतं, त्यांना कशासाठी हे सांगावं लागलं नाही. विशी-पंचविशीतल्या पोरींनी ते पाहिलेलं नाही. त्यांना नुसतं हप्त्याचं पुस्तक दिलं, तर जी कंपनी लवकर कर्ज देईल तिच्याकडे त्या जातील. त्यांची चूक नाही. त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

शेवटी एक काम देते. तुमच्या गटाचं ते एक वाक्य ठराव वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, खाली सगळ्यांच्या सह्या घ्या. जिला लिहिता येत नाही तिचा अंगठा चालेल, पण वाक्य तिला तोंडपाठ पाहिजे. दर बैठकीत कर्ज मंजूर करण्याआधी ते वाक्य एकीनं वाचायचं, दर वेळी वेगळीनं. आणि मग विचारायचं, हे कर्ज या वाक्यात बसतं का?

पुढच्या महिन्यात मी गावात येईन तेव्हा बचतीचं रजिस्टर नंतर बघेन. आधी ते पहिलं पान बघणार आहे.