अक्षराचे नाव आणि अक्षराचा ध्वनी
(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेपुढे बालवर्गाच्या शिक्षकांनी केलेले भाषण)



आमचा विषय लहानसा आहे. परंतु ज्या घरी इंग्रजी शाळेत जाणारे पाच-सहा वर्षांचे लेकरू आहे, त्या घरी संध्याकाळच्या वेळी ह्याच विषयावरून पुष्कळ अश्रू गळतात. आई म्हणते, "सी, ए, टी, कॅट." लेकरू म्हणते, "टीचर असे शिकवीत नाहीत." आईस वाटते, लेकरू हट्टी आहे, नाहीतर शाळा चुकते आहे. वस्तुतः दोहोंपैकी काहीच खरे नसते.

मराठीत व्यंजनाचे नाव आणि त्याचा ध्वनी जवळजवळ एकच असतो. 'क' ह्या अक्षरास आपण 'क' म्हणतो, आणि 'कमळ' वाचताना तोच उच्चार करतो. इंग्रजीत तसे नाही. 'कॅट' ह्या शब्दात 'सी' कोठे ऐकू येतो? 'डब्ल्यू' ह्या लांबलचक नावात तर त्या अक्षराचा ध्वनी मुळीच सापडत नाही. म्हणून शाळेत नावाआधी ध्वनी शिकवितात आणि ध्वनीस ध्वनी जोडून शब्द वाचावयास लावितात. ह्या पद्धतीसच फॉनिक्स म्हणतात.

इंग्रजीत अक्षरे 26, पण ध्वनी सुमारे 44. म्हणून कित्येक ध्वनींकरिता दोन अक्षरे एकत्र येतात. 'एस' आणि 'एच' मिळून 'श्' होतो. पुष्कळ शाळांत एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरे प्रथम घेतात. कारण एवढ्यांतूनच 'सॅट', 'टॅप', 'पिन' असे शब्द मूल स्वतः जुळवू शकते. 'ए'पासून 'झेड'पर्यंत ओळीने का शिकवीत नाहीत, ह्या प्रश्नाचे उत्तर हेच.

येथे मराठी घरांत एक अडचण येते. आपल्या 'ब'मध्ये 'अ' दडलेला असतो. तोच 'ब' इंग्रजी शब्दात घातला, की मूल 'ब-ॲ-ट' असे म्हणत राहते आणि 'बॅट' काही जुळत नाही. पाय मोडलेला 'ब्' म्हणावा, अगदी तोकडा. मग ध्वनी आपोआप एकमेकांस चिकटतात.

इंग्रजीच तेवढी लहरी, असे मात्र मानू नये. 'चहा'तील 'च' आणि 'चाक'मधील 'च' निराळे असूनही आपण एकाच अक्षराने लिहितो. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' 1616 साली राचोल येथे रोमी लिपीत छापले गेले. 'त' आणि 'ट' ह्यांकरिता रोमी लिपीत स्वतंत्र अक्षरे नाहीत. तरीही आपली भाषा त्या लिपीत मावली. अक्षर हा ध्वनीचा अंगरखा आहे. अंगरखा बदलता येतो.

ही पद्धत नुसती नवी हौस नव्हे. अमेरिकेत 2000 साली वाचनविषयक राष्ट्रीय मंडळाने अनेक प्रयोग तपासून, क्रमवार ध्वनिशिक्षणाने वाचनास मदत होते आणि ते लवकर आरंभिल्यास अधिक लाभ होतो, असा निष्कर्ष काढिला. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिल्या इयत्तेतील मुलांची ध्वनिवाचनाची चाचणी घेतात. तथापि ध्वनी म्हणजे सर्वस्व नव्हे; शब्दाचा अर्थ कळला नाही, तर ते वाचन पोकळच.

ओळीवरून बोट फिरवीत मूल घडाघडा म्हणते, म्हणून ते वाचते असे समजू नये. 'आमच्या बापा' ही प्रार्थना आपण सर्वांनी अक्षरओळख होण्यापूर्वीच पाठ केली होती. ते पठण होते, वाचन नव्हते. धड्यातील मधलाच एखादा शब्द दाखवा, म्हणजे उलगडा होईल.

आता घरी काय करावे? ज्या मातेस इंग्रजी येत नाही, तिने खंत करू नये. ध्वनी ओळखणारा कान प्रथम मायबोलीत तयार होतो. "'मासा' कोणत्या ध्वनीने सुरू होतो? त्याच ध्वनीचा दुसरा शब्द सांग," हा खेळ भाकरी थापतानाही खेळता येतो. सामवेदी, वाडवळी, कोळी, घरात जी बोली असेल ती चालेल. आजीच्या गोष्टींनी शब्दभांडार वाढते, आणि तेच पुढे वाचनाच्या कामी येते. दररोज दहा मिनिटे पुरेत. मूल अडले तर ध्वनी सांगा, टोमणा नको. शेजारच्या मुलाशी तुलना तर नकोच नको. बरेच दिवस प्रयत्न करूनही जमत नसेल, तर कान व डोळे तपासून घ्यावे आणि आम्हांस येऊन भेटावे. काही बुद्धिमान मुलांनाही डिस्लेक्सियामुळे वाचन जड जाते. तो आळस नव्हे, आणि त्यावर मार हे औषध नव्हे.

वाचनाची पहिली पायरी ज्याने रडत चढली, तो पुस्तकाशी आयुष्यभर अढी धरतो. ती पायरी आपल्या लेकरांनी हसत चढावी, एवढ्यासाठी शाळेने आणि घराने एकच सूर लावावा, अशी आमची आपणांस नम्र विनंती आहे.