तांबे, मेंदू आणि घरातील वडीलधारी



घरातील दादी नमाज पढून उठतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा वजूला बसतात. "आत्ताच तर पढलात" म्हटले की रागावतात. आपण म्हणतो, वय झाले, चालायचेच. परंतु दर वेळी ते केवळ वय नसते. तो आजारही असू शकतो. 1906 साली जर्मनीत डॉ. आलोइस आल्झायमर यांनी अशा विस्मरणाने ग्रासलेल्या एका स्त्रीच्या मेंदूची तपासणी विद्वानांपुढे मांडली. त्यांचेच नाव पुढे या आजारास मिळाले.

आपला मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे 2 टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के एकटा वापरतो. या वापरात सुपरऑक्साइड नावाचे घातक कण तयार होतात. त्यांचा बंदोबस्त करणारे विकर, म्हणजे एन्झाइम, मॅककॉर्ड व फ्रिडोविच या शास्त्रज्ञांनी 1969 साली ओळखले. त्याचे नाव सुपरऑक्साइड डिसम्यूटेज. त्याच्या एका महत्त्वाच्या प्रकाराला कामासाठी तांबे व जस्त लागते. ते त्या कणांचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि कॅटलेजसारखी दुसरी विकरे त्याचे पाणी करतात.

म्हणजे तांबे आपला रक्षक आहे. पण तेच तांबे प्रथिनांच्या बंधनातून सुटले, तर स्वतःच घातक कण निर्माण करते. आल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत साठणाऱ्या अमायलॉइड प्रथिनालाही ते चिकटते. अनेक तपासण्यांत अशा रुग्णांच्या रक्तात तांबे थोडे जास्त, तर मेंदूच्या पेशीजालात कमी आढळले आहे. प्रश्न केवळ कमी-अधिकाचा नाही. योग्य वस्तू योग्य जागी असण्याचा आहे. हा बिघाड रोगाचे कारण की परिणाम, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही.

म्हणूनच तांब्यात या आजाराचा इलाज शोधू नका. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 68 रुग्णांना वर्षभर रोज 8 मिलिग्रॅम तांबे दिले; त्यांच्या स्मरणशक्तीत सुधारणा झाली नाही. उलट, घरातील तांब्याची भांडी घाबरून फेकण्याचेही कारण नाही. मात्र कल्हई उडालेल्या पातेल्यात चिंच, दही असे आंबट पदार्थ ठेवू नयेत, त्याने मळमळ व उलट्या होतात.

पालकहो, विस्मरण वाढू लागले तर तावीज किंवा जाहिरातीच्या गोळ्यांत महिने घालवू नका. डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडचा विकार किंवा ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही विस्मरण होते आणि त्यावर उपचार आहेत. आल्झायमर पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण निदान झाले म्हणजे घरातील माणसे चिडणे सोडून सांभाळणे शिकतात.

आणि विद्यार्थी मित्रांनो, दादींनी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर दहाव्यांदाही नम्रपणे उत्तर द्या. वृद्ध आईबापांशी अदबीने बोलावे, ही आपल्या दीनची शिकवण आहे. तिला औषधाच्या चिठ्ठीची गरज नाही.