लेबल नीट वाचा
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



तबकडी हातात आली की आपण गाण्याचं नाव वाचतो. संग्राहक आधी लेबलाचा रंग आणि कडेची बारीक अक्षरं बघतो. मग तबकडी उजेडात तिरपी धरून मधल्या गुळगुळीत पट्टीत कोरलेला आकडा शोधतो. घरची मंडळी याला वेड म्हणतात. म्हणोत.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा तबकड्या छापायचा कारखाना इथे नव्हता. त्या जर्मनीत हॅनोव्हरला छापून येत. त्या काळच्या एका बाजूच्या तबकडीवर कुत्रा नसतो, पंखांचा देवदूत असतो. १९०८ मध्ये सियालदहला कारखाना निघाला आणि कुत्रा लेबलावर आला तो त्यानंतर. म्हणून कुत्र्याचं लेबल दाखवून कुणी १९०२ची पहिली छपाई सांगू लागला, तर पाकीट खिशातच ठेवा.

आपल्या बडोद्याच्या दरबारात राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब घ्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ते एकदा मुद्रित झाले, नंतर तिसाच्या दशकात ओडियनसाठी. त्यात ‘मानापमान’मधलं पदही आहे. हीच ओडियनची मुद्रणं पुढे कोलंबियाच्या लेबलाने निघाली. लेबल सांगतं ते छपाईचं. गाणं कधीचं, हे ठरवायला तो कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक लागतो.

आता दुर्मीळतेची गंमत. १९६३ ते १९६५ या काळात बीटल्सची गाणी डमडमला ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्यांवर छापली गेली. विलायतेत तोवर ४५ फेऱ्यांच्या सात इंची व्हिनाइलचं राज्य होतं. आपल्याकडे घरोघर चावीचे ग्रामोफोन. आज त्या तबकड्यांसाठी परदेशी संग्राहक भरपूर पैसे मोजतात. आपल्या नाट्यपदांना तसा गिऱ्हाईक नाही, आणि माझी खरी काळजी तीच. ज्याला भाव नाही ते वाडा पाडताना पहिलं भंगारात जातं. कोणत्या नटाने कोणतं पद कोणत्या नाटकातलं म्हणून गायलं, हे काही वेळा त्या हातभर कागदावर नाही, तीन बोटांच्या लेबलावरच उरलेलं असतं.

तेव्हा माळ्यावरच्या तबकड्या द्यायच्या असतील तर खुशाल द्या, पण आधी दोन्ही लेबलांचे आणि कोरलेल्या आकड्यांचे फोटो काढा. लेबलावर पेनने नाव घालू नका, ते पाण्यात भिजवू नका. लाखेच्या तबकडीला स्पिरिट तर मुळीच लावू नका, लाख त्यात विरघळते. आणि ४५ फेऱ्यांच्या व्हिनाइलवर चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई टेकवू नका; एका वाजवण्यात चर खरवडून निघतो.

आता दोन तबकड्या ऐकू या. सुयांची डबी आणली आहे, दर बाजूला नवी लागते.