बाळकुम : खाडीकाठचं माझं गाव

"मूळ गाव कुठलं तुमचं?" माझं नाव ऐकल्यावर आणि मी मराठीत कविता लिहितो हे कळल्यावर हा प्रश्न हमखास येतो. मी सांगतो, बाळकुम. समोरचा म्हणतो, "ते ठाण्यात आलं हो. मी गाव विचारतोय." श्रोतेहो, आज त्या प्रश्नाचं जरा सविस्तर उत्तर द्यायचं आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. सह्याद्रीत उगम पावलेली उल्हास नदी बदलापूर, कल्याण करत ठाण्याच्या ईशान्येला येते आणि तिथे तिला फाटे फुटतात. मोठा प्रवाह घोडबंदरवरून वसईच्या खाडीला जातो. अरुंद फाटा कळव्याकडे वळून ठाण्याच्या खाडीला मिळतो. या पाण्यामुळेच साष्टी हे बेट. बाळकुम हे त्या बेटाच्या कडेवरचं गाव. समोरच्या काठावर काशेळी, आणि तिथून भिवंडी तालुका सुरू.

कडेवरच्या गावाला राज्यं बदलताना दिसतात. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांकडे गेली, १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतलं, १७७४च्या अखेरीस ते इंग्रजांच्या हाती पडलं. गावाने मात्र भात पिकवला, खाडीत जाळी टाकली.

जुना आग्रा रोड बाळकुमवरून काशेळीचा पूल ओलांडून भिवंडीला जातो. माझे अब्बा याच रस्त्याने, पण उलट दिशेने आले. आम्ही भिवंडीकडचे कोकणी मुसलमान. कोलशेत-बाळकुम पट्ट्यात रसायनांचे कारखाने उभे राहिले होते. त्यातल्या एकात अब्बांना नोकरी लागली. एका आगरी घराच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं बिऱ्हाड थाटलं. घरमालकीण बायला मी आजी म्हणायचो. ओहोटीला ती चिंबोऱ्या धरायला निघाली की मी मागे. तिवरांच्या मुळांत निवट्या कशा उड्या मारतात, भरतीची वेळ चंद्रावरून कशी ओळखायची, हा भूगोल मला तिनेच शिकवला. ईदला आमच्याकडून शिरखुर्मा जायचा, होळीला तिच्याकडून पोळ्या यायच्या. यात कुणाला काही विशेष वाटत नसे.

१ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका झाली. १८६३पासूनच्या नगरपालिकेला आसपासची गावं जोडली गेली, त्यात आमचंही. मी तेव्हा बारा वर्षांचा. घरात नळ आला, गल्लीत दिवे आले. त्याबद्दल तक्रार करणं कृतघ्नपणा होईल. पण हळूहळू शेतं गेली, खाजणात भराव पडला. २६ जुलै २००५च्या पावसात पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत आलं. आजी खाटेवर पाय वर घेऊन बसली होती. म्हणाली, "पानी त्याची वाट इसरत नाय, बाबा."

आज आमच्या गावातून सगळ्यांच्या वाटा जातात. मुंबईचं पाणी नेणाऱ्या मोठ्या जलवाहिन्या इथूनच गेल्या आहेत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोच्या एका स्थानकाला 'बाळकुम नाका' असं नाव आहे, याचा मला लहान मुलासारखा आनंद झाला. नव्या इमारतींच्या पत्त्यांत तर गावाचं नाव शोधावं लागतं.

परवा शेजारचा एक शाळकरी मुलगा 'माझे गाव' हा निबंध घेऊन आला. त्याने लिहिलं होतं, "आम्हाला गाव नाही, आम्ही कॉम्प्लेक्समध्ये राहतो." मी त्याला चौदाव्या मजल्यावरच्या त्याच्याच गॅलरीत नेलं आणि खाली पाहायला सांगितलं. भरती होती. तिवरांत पाणी शिरत होतं, पलीकडे काशेळी दिसत होती.

"ही कुठली नदी?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "लिही. उल्हास. आणि आपण तिच्या या काठाला राहतो, बाळकुमला."