केळी, कार्बाइड आणि कार्बनचे चार हात

आजचा एपिसोड मी गावाकडून, म्हणजे असोद्याहून रेकॉर्ड करतोय. मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

आजचा विषय रासायनिक बंध. थांबा, स्किप करू नका! शाळेत मीही हा धडा फक्त पाठ केला होता. तो समजला केळीमुळे.

मी आठवीत होतो. एका वखारीत केळी पिकायला ठेवली होती आणि फण्यांमध्ये कागदाच्या पुड्या होत्या. मी ओल्या हाताने एक फुटकी पुडी उचलली. फस्स आवाज, घाण वास आणि हाताला चटका. आजीने नळाखाली हात धरला आणि वर दोन शब्द ऐकवले. त्या पुडीत होतं कॅल्शियम कार्बाइड.

आता बघा, अणू एकमेकांना का चिकटतात? बहुतेकांना बाहेरच्या कक्षेत 8 इलेक्ट्रॉन हवे असतात. हायड्रोजनला मात्र 2 पुरतात. त्यासाठी रस्ते दोन: देवाणघेवाण करा, नाहीतर भागीदारी करा.

कॅल्शियमकडे बाहेर 2 इलेक्ट्रॉन असतात. ते तो देऊन टाकतो आणि धन होतो. घेणारा ऋण होतो. दोघं ओढले जातात. हा आयनिक बंध. कार्बाइडमध्ये ते 2 इलेक्ट्रॉन घेते कार्बनची जोडी.

कार्बनकडे बाहेर 4 इलेक्ट्रॉन, अजून 4 हवेत. म्हणून समजा त्याला चार हात आहेत. हात धरला की एक सहसंयुज बंध, म्हणजे भागीदारी. कार्बाइडमधले दोन कार्बन एकमेकांचे तीन-तीन हात धरतात. चौथ्याची सोय कॅल्शियमने दिलेल्या इलेक्ट्रॉनने होते.

पाणी लागलं की खेळ बदलतो. पाण्यातला हायड्रोजन कार्बनच्या चौथ्या हाताला लागतो आणि ॲसिटिलीन वायू तयार होतो. हाच वायू गॅस वेल्डिंगला वापरतात. मागे उरतो ओला चुना, शिवाय उष्णता. माझा चटका तिथून आला!

आता गंमत. केळं पिकताना स्वतःच इथिलीन सोडतं. त्यातही दोन कार्बन, पण ते एकमेकांचे दोनच हात धरतात. उरलेल्या दोन हातांत प्रत्येकी दोन हायड्रोजन. फरक एका बंधाचा. ॲसिटिलीन इथिलीनची नक्कल करतं, म्हणून फळ फसतं. पण ते कमी प्रभावी असल्याने जास्त लागतं.

मग अडचण काय? बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते, तिचे विषारी वायू निघतात. म्हणून 2011 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार कार्बाइडने पिकवलेली फळं विकायला बंदी आहे. इथिलीन वायूला परवानगी आहे, हवेच्या दहा लाख भागांत 100 भागांपर्यंत. रायपनिंग चेंबरमध्ये तेच सोडतात.

2016 मध्ये जळगावच्या केळीला जीआय मिळाला. वर्षभर पाणी, खत, वारा सांभाळून शेतकरी घड आणतो. शेवटच्या चार दिवसांत एका पुडीने त्याच्या मालाचं नाव जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं.

घरी करून बघा: कच्च्या केळ्यांसोबत एक पिकलेलं केळं कागदी पिशवीत बंद करा. दुसरी कच्ची केळी तशीच बाहेर ठेवा. कोणती आधी पिकली, मला व्हॉइस नोट पाठवून सांगा.

चला, आजी हाक मारतेय, भरीत तयार आहे. भेटू पुढच्या भागात!