गाडी कोणासाठी थांबते?

(घरकामगार आणि नोकरदार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



साथीचा विषय निघाला की आपण दवाखाना, औषधं, ऑक्सिजन यांबद्दल बोलतो. मला आज प्रवासाबद्दल बोलायचं आहे. मुंबईत बाईची मिळकत, तिची मोकळीक, तिच्या चार मैत्रिणी हे सगळं लोकलला बांधलेलं आहे. गाडी बंद झाली की काय काय बंद होतं, ते आपण २०२० साली पाहिलं.

२२ मार्च २०२० ची रात्र उलटली आणि लोकल थांबली. त्याआधी तिच्यातून रोज सुमारे पाऊण कोटी माणसं ये-जा करत होती. १५ जूनला गाड्या पुन्हा निघाल्या, पण फक्त ‘अत्यावश्यक सेवे’तल्या कर्मचाऱ्यांसाठी. नर्स, सफाई कामगार यांना चढू दिलं, ते योग्यच होतं. माझा प्रश्न वेगळा आहे. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या बाईला आंघोळ घालणारी, तिला भरवणारी जी घरकामगार, तिचं काम अत्यावश्यक नाही? २००८ साली आपल्यासाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला, तरी स्टेशनच्या दारात दाखवायला आपल्याकडे ओळखपत्र नव्हतं. काम घराच्या आत चालतं म्हणून ते कोणाला दिसत नाही. जे दिसत नाही, ते यादीतही येत नाही.

मी नालासोपाऱ्याला राहते. आमच्याकडून अंधेरीला जायचं तर एसटीची रांग, नाहीतर तीन ठिकाणी बदलायची शेअर रिक्षा. २२ जुलै २०२० ला आमच्या स्टेशनात चिडलेले प्रवासी रुळांवर उतरले, ते उगाच नव्हे. घरात एक मोटारसायकल असेल तर ती नवऱ्याकडे गेली. बाई चालली, किंवा कामाच्याच घरी राहिली, किंवा काम सोडून घरी बसली. आमच्या वस्तीत ज्या बसल्या, त्यांतल्या काही अजून बसलेल्याच आहेत. ‘आता काय गरज आहे?’ असं घरचे म्हणतात.

२१ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बायकांना लोकल खुली झाली. नवरात्र चालू होतं, पुष्कळांना ती भेटच वाटली. पण वेळ कोणती? सकाळी ११ ते दुपारी ३, आणि संध्याकाळी ७ नंतर. आता मला सांगा, आपल्यापैकी कोणाचं काम ११ नंतर सुरू होतं? पोळ्या लाटणारीला सात वाजता पोचायचं असतं, दुकानातल्या मुलीला दहाला. ही वेळ ज्यांनी ठरवली, त्यांच्या डोळ्यासमोर सकाळचं घरकाम उरकून खरेदीला निघालेली बाई असावी. कमावती बाई त्यांना दिसली नाही. पुढे नोव्हेंबरात रेल्वेने सांगितलं की बायकांनी बरोबर मुलं आणू नयेत. संसर्गाची भीती खरी होती. पण शाळा बंद, बालवाडी बंद, मग मूल ठेवायचं कुठे? याचं उत्तर कोणी दिलं नाही. मूल कोणाचं, तर बाईचं, हे गृहीतच धरलेलं.

१ फेब्रुवारी २०२१ ला लोकल सर्वांना मिळाली, पण पहाटेपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४, आणि रात्री ९ नंतर. सातच्या आत गाडी पकडायची तर पहाटे चारला चूल पेटवायची. काम पाचला सुटलं तर रात्री नऊपर्यंत थांबायचं कुठे? पुरुष नाक्यावर उभा राहू शकतो. बाई नुसती उभी राहिली तर चार नजरा वळतात. शिवाय स्वच्छतागृह नाही. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा दार बंद. १५ ऑगस्ट २०२१ पासून लशीचे दोन डोस घेतलेल्यांना पास मिळू लागला. त्या सुमारास देशात लस घेणाऱ्यांत बायका पुरुषांपेक्षा मागे होत्या. ज्या घरात मोबाइल एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात, तिथे नोंदणी कोणाची आधी होणार?

आणखी एक नुकसान कुठल्याच हिशेबात आलं नाही. बायकांचा डबा म्हणजे नुसता प्रवास नाही. तिथे भाजी निवडली जाते, भिशी लागते, कुठे काम आहे ते कळतं. मार खाऊन आलेली बाई तिथे पहिल्यांदा तोंड उघडते. आमच्या संघटनेला कितीतरी जणी डब्यातच भेटल्या. ती जागा गेली आणि टाळेबंदीत त्या मार देणाऱ्याबरोबर चार भिंतींत अडकल्या.

म्हणून माझं म्हणणं असं. साथ पुन्हा येईल, पूर येईल, आणखी काही येईल. तेव्हा यादी करायला बसण्याची वाट पाहू नका. घरकामगार आणि रुग्णसेविका यांचं काम अत्यावश्यक म्हणून आत्ताच लिहून घ्या, आणि मंडळाचं ओळखपत्र प्रवासाला चाललं पाहिजे अशी मागणी करा. गाडीच्या वेळा ठरतील त्या बैठकीत कामगार बायका हव्यात. बसचाही प्रश्न आहे. बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये ५ रुपयांवरून १० झालं. दिवसाला चार बस बदलणारीला याचा अर्थ काय, ते पगार वाढवताना मालकिणीला आणि भाडं वाढवताना सरकारला आपणच सांगायचं आहे.

आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकीने एका कागदावर आपला रोजचा प्रवास लिहून द्या. कुठून, कुठे, किती वाजता, किती खर्च, आणि २०२० मध्ये काय झालं. लिहिता येत नसेल तिने शेजारणीला सांगावं. हे कागद घेऊन आपण मंडळाकडेही जाऊ आणि रेल्वेकडेही.